गंगेवर जाऊन येतो

नाशिककर माणूस "गंगेवर जाऊन येतो" असे सांगून घराबाहेर पडतो, तेव्हा तो तासाभरात कोथिंबिरीची जुडी घेऊन परतणार हे घरच्यांनी गृहीत धरलेले असते. कारण गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो आणि तिच्या काठी देवदर्शन, पिंडदान आणि बुधवारचा बाजार ही तिन्ही कामे एका फेरीत उरकतात. त्यामुळे "आपण गंगेवर क्रूझने जाऊ" असा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा पंचवटीत जन्म काढलेल्या माझ्या आत्याने शांतपणे विचारले, "रामकुंडात मावेल का रे ती?"

काशीच्या गंगेत, असा खुलासा मला करावा लागला. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रुगडकडे पहिल्यांदा निघालेल्या आणि ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर जाणाऱ्या 'गंगा विलास'ची माहितीही मी उत्साहाने वाचून दाखवली. तिच्यात ३६ प्रवाशांचीच सोय आहे आणि भाडे लाखांत आहे, हे ऐकूनही आत्या विचलित झाली नाही. ५१ दिवस दूध बंद ठेवायचे की शेजारी वळवायचे, एवढाच तिला प्रश्न पडला. अखेर काशीतल्याच एका लहान क्रूझच्या दोन तासांच्या संध्याकाळच्या फेरीवर तडजोड झाली.

निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत गंगाजलासाठी गल्लीतून ११ बाटल्या जमा झाल्या. आत्याने स्वतःसाठी तांबट आळीतला जुना तांब्या काढला आणि त्याच्या गळ्याला कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी बांधली. दोरी कशासाठी, हे मी विचारले नाही.

क्रूझवर चढताना आत्याने धक्क्यावरच चपला काढल्या, त्या घालायला लावण्यात पाच मिनिटे गेली. वातानुकूलित दालनात ध्वनिमुद्रित आवाज काचेपलीकडच्या ८४ घाटांची माहिती देत होता आणि इथे गंगा उत्तरवाहिनी होते असे बजावत होता. अहिल्याबाईंचा घाट आल्यावर आत्याने हात जोडले, "आपल्याकडे त्यांच्या नावाचा पूल आहे" असे शेजारच्या गुजराती कुटुंबाला सांगितले आणि मग मला विचारले, "पाण्यात उतरायच्या पायऱ्या कुठे आहेत?"

पायऱ्या नव्हत्या. वरच्या डेकच्या कठड्यापासून पाणी चांगले बारा-पंधरा फूट खाली होते, आणि नदीवर येऊन नदीला बोटही लावता येत नाही ही व्यवस्था आत्याला मुळीच मान्य नव्हती. तिने पिशवीतून तांब्या काढून खाली सोडला. बोट चालू असल्याने तो बुडेना. पाण्यावर टणाटण उड्या मारत आमच्यामागून धावू लागला, आणि दोरीचे दुसरे टोक माझ्या मनगटाला गुंडाळलेले असल्याने प्रत्येक उडी मला खांद्यापर्यंत कळत होती.

"माताजी, ये अलाउड नहीं है," गणवेशातला मुलगा धावत आला. "हम पानी निकालता है, नाव नहीं निकालता," आत्याने त्याला नाशिकच्या हिंदीत समजावले.

आरतीसाठी दशाश्वमेध घाटासमोर बोट थांबली आणि तांब्या एकदाचा बुडाला; पण पाण्यात नव्हे, खेटून उभ्या असलेल्या होडीत. होडीवाल्याने वर पाहिले, तांब्या गंगेत बुडवून काठोकाठ भरला आणि पन्नास रुपये मागितले. घासाघीस वीसवर मिटली. नोट मी त्याच दोरीला बांधून खाली सोडली, तोपर्यंत आरती संपली होती. निम्मे पाणी वर खेचताना सांडले.

मावंद्याच्या दिवशी सकाळी गंगापूजनासाठी गल्ली जमणार होती आणि घरात अर्धा तांब्या गंगाजल व ११ रिकाम्या बाटल्या होत्या. आत्याने प्रत्येक बाटलीत पळीपळी गंगाजल घातले आणि त्या सगळ्या पिशवीत भरून माझ्या हाती दिल्या.

"गंगेवर जाऊन ये," ती म्हणाली.

"अगं आत्या, लोकांना काशीचे पाणी हवे आहे."

"गौतम ऋषींनी ब्रह्मगिरीवर उतरवली ती कोण होती मग? जा, आणि येताना कोथिंबीर आण."