लिथियम आहे म्हणूनच ती काच फुटत नाही

‘इंडक्शनची काळी काच म्हणजे ओट्यावरचा लिथियम बॉम्ब’ हा मेसेज सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. सोबत काच फुटून तुकडे घरभर उडाल्याचा एक व्हिडिओ. मजकूर थोडक्यात असा: या काचेत मोबाइलच्या बॅटरीतलं लिथियम असतं, तापली की ती बॅटरीसारखी फुटते, तेच लिथियम जेवणात उतरून किडनी खराब करतं, शेगडीच्या रेडिएशनने कॅन्सर होतो, कंपन्या हे सगळं लपवतात. आणि उपाय काय, तर काळी काच काढा आणि काचवाल्याकडून साधी टफन्ड काच कापून बसवून घ्या.

कळव्याच्या माझ्या आत्याने हे वाचून शेगडी कपाटात ठेवून दिली आणि पुन्हा गॅस सुरू केला. ती एकटी राहते. गॅस चालू ठेवून विसरते, म्हणूनच तर आम्ही तिला इंडक्शन घेऊन दिलं होतं. तेव्हा ‘फॉरवर्डच आहे, सोडून दे’ असं मला कुणी सांगू नये. रबाळ्याच्या एमआयडीसीत भट्टीवर माझी इतकी वर्षं गेली आहेत की काच कशाने फुटते एवढं मला नक्की कळतं.

लिथियमपासून सुरू करू. काचेत लिथियम असतं, हे खरं आहे. पण ते लिथियमचं ऑक्साइड, तेही वजनाने तीन-चार टक्के, सिलिका आणि अॅल्युमिनासोबत पक्कं बांधलेलं. ऑक्साइड म्हणजे ऑक्सिजनशी आधीच जोडलं गेलेलं. ते आणखी काय जळणार? बॅटरी पेटते ती मुख्यतः तिच्यातल्या ज्वलनशील द्रवामुळे, आणि काचेत असला द्रव नसतो.

उलट हे लिथियम तिथे घातलंय ते काच फुटू नये म्हणूनच. साधी खिडकीची काच १ मीटर लांब असेल आणि १०० अंशांनी तापली, तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण भांड्याखालचा मधला भाग वाढू पाहतो, थंड कडा त्याला वाढू देत नाहीत, आणि त्या ओढाताणीत काच तडकते. इंडक्शनची काळी काच साधी नसते, ती ग्लास-सिरॅमिकची असते. ती आधी नेहमीसारखी वितळवून ओततात आणि मग ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून तिच्यात बारीक स्फटिक वाढवतात. टायटॅनियम आणि झिर्कोनियमची ऑक्साइडं त्या स्फटिकांना सुरुवात करून देतात. लिथियम असलेले हे स्फटिक तापल्यावर किंचित आक्रसतात, भोवतालची काच प्रसरण पावते, आणि बेरीज जवळजवळ शून्यावर येते. म्हणून तापलेल्या काचेवर थंड पाणी सांडलं तरी ती तडकत नाही.

हे आजचं नाही. १९५३ साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी बिघडून ६०० ऐवजी ९०० अंशांवर गेली. आतली लिथियमयुक्त काच वितळून गेली असेल असं त्यांना वाटलं, तर तिची पांढरी पाटी झाली होती. चिमट्यातून निसटून ती जमिनीवर पडली तरी फुटली नाही. याच घराण्यातल्या झेरोडूर नावाच्या पदार्थाचा आरसा नैनितालजवळ देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीत बसवलाय, कारण रात्रीचं तापमान उतरलं तरी त्याचा आकार हलत नाही. दुसऱ्या जातीच्या, लिथियम डायसिलिकेटच्या ग्लास-सिरॅमिकपासून दातांच्या कॅप बनवतात. त्या कॅप लोक वर्षानुवर्षं तोंडात वागवतात, त्याच दातांनी जेवतात.

किडनीच्या मुद्द्याला एवढं उत्तर पुरे. शिवाय अन्न पातेल्यात असतं, काचेवर नाही. स्टीलच्या बुडातून लिथियम वर चढत नाही.

आता तो व्हिडिओ. नीट थांबवून बघा. तुकडे खडीसाखरेसारखे, सगळे साधारण एका मापाचे, आणि शेजारी बर्नर दिसतोय. ती गॅसच्या शेगडीची टफन्ड काच आहे! टफन्ड काच तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात, त्यामुळे तिच्या पोटात ताण कोंडलेला असतो आणि फुटली की अख्खी एकदम फुटते. ग्लास-सिरॅमिकला लांब तडा जातो, तिचे असे दाणे होत नाहीत. म्हणजे ज्या काचेचा व्हिडिओ दाखवून घाबरवलं, तीच काच बसवून घ्या म्हणून सल्ला दिला जातोय.

मला खरा राग या सल्ल्याचा आहे. टफन्ड काच एकदा टफन केल्यावर कापताच येत नाही, हिरा लावला की तिचा चुरा होतो. मापाने आधी कापून मगच ती टफन करायला पाठवावी लागते. म्हणजे काचवाल्याने तुमच्यासमोर कापून दिली, तर ती साधी काच आहे, आणि रिकामा तवा तापला की ती फुटणार. आणखी एक गोष्ट. शेगडी उघडली की कॉइलच्या मधोमध एक छोटा सेन्सर काचेच्या खालच्या अंगाला चिकटून बसलेला दिसेल. त्याच्या भरवशावर शेगडी जास्त तापल्यावर बंद होते. काचेचा प्रकार बदलला, जाडी बदलली, सेन्सर नीट टेकला नाही, तर तो भरवसा गेला. खाली घरातली वीज, वर उकळतं पाणी, मध्ये खिडकीची काच. हे कुणाच्या आत्याच्या स्वयंपाकघरात करायला सांगताय, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केला नाही.

रेडिएशनचं म्हणाल, तर काच काहीच सोडत नाही. खालची कॉइल साधारण २० ते १०० किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते. क्ष-किरणांसारखी पेशींची मोडतोड करण्याइतकी ऊर्जा त्यात नसते. फक्त ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि चालू शेगडीपासून दोनेक फूट लांब राहावं. एवढं त्यात तथ्य आहे.

कंपन्या लपवतात म्हणे. ग्लास-सिरॅमिकमधल्या लिथियमबद्दल पेटंटांत आणि पाठ्यपुस्तकांत कित्येक दशकं छापून येतंय.

काळी काच कधीच फुटत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. भरलेला कुकर आपटला, कडेवर बत्ता पडला, तर तिला तडा जातो. पाक उतू जाऊन गरम काचेवर चिकटला, तर खरवडताना टवका निघू शकतो. घरगुती विजेच्या उपकरणांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०३३५ मध्ये, यासाठी स्पष्ट इशारा आहे आणि तो शेगडीच्या पुस्तिकेतही छापलेला असतो: पृष्ठभागाला तडा गेला तर उपकरण बंद करा, शॉक लागू शकतो. तडा केसाएवढा असला तरी प्लग काढा. त्यावर एम-सील लावू नका, चिकटपट्टी लावू नका. त्याच मॉडेलची काच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बसवून घ्या, आणि मिळत नसेल तर शेगडी बदला.

मेसेज पुढे पाठवलेल्यांनी निदान काच बदलण्याचा सल्ला चुकीचा आहे, एवढं तरी त्याच ग्रुपवर आजच लिहावं.