‘कॅलरी ती कॅलरीच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या जुन्या वर्गाच्या, माहेरच्या, आणि शेवटी काकांकडून थेट, ‘वाच आणि पुढे पाठव’ अशा आज्ञेसह. मथळा: ‘पॅकबंद खाण्याचा बाऊ पुरे!’ आत लिहिलंय ते थोडक्यात असं. कॅलरी ती कॅलरीच, बिस्किटातून आली काय नि भाकरीतून आली काय. आपल्या आज्यांचे पापड-लोणचीही प्रक्रिया केलेलीच. सरकारी परवाना असलेला पदार्थ वाईट असूच शकत नाही. मल्टिग्रेन आणि शुगर-फ्री तर बिनधास्त खा. बारीक माणसानं काळजी करायचं कारण नाही. आणि वजन वाढलंच, तर कंपन्यांच्या नावानं बोटं मोडण्यापेक्षा जिभेला आवरा नि चालायला जा.

पुढे पाठवला नाही. काका, रागावू नका, पण एकेक मुद्दा घेऊनच बोलते.

‘कॅलरी ती कॅलरीच.’ भौतिकशास्त्राच्या पेपरात याला पूर्ण मार्क मिळतील. प्रश्न इतकाच की आपण कॅलरी मोजून थांबत नाही, पोट भरल्यावर थांबतो. आणि पोट कधी भरतं हे ताटात काय आहे त्यावर ठरतं.

हे तपासून झालंय. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवून घेतलं. २०१९ साली निकाल छापून आले. दोन आठवडे कारखान्यात घडवलेलं अतिप्रक्रियायुक्त खाणं, दोन आठवडे साध्या जिनसांतून केलेलं. पुढ्यात ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा (फायबर) हे सगळं दोन्हीकडे जुळवलेलं. किती खायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. अतिप्रक्रियायुक्त खाण्याच्या दिवसांत हीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोनं वाढलं, आणि साध्या खाण्यावर तितकंच उतरलं. माणसं तीच, जिभा त्याच.

त्या प्रयोगातली एक बारीकशी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. कारखान्यातल्या खाण्यात चोथा इतका कमी होता की दोन्ही ताटं बरोबरीला आणायला संशोधकांना तो वेगळा आणून सरबतात विरघळवावा लागला. म्हणजे कागदावर चोथा जुळला, पण चावायला काही आलं नाही. आणि लोक ते खाणं भराभर खात होते, हेही नोंदलं गेलं.

घरी मी घड्याळ लावून पाहिलं. ज्वारीची एक भाकरी, पिठलं, कांदा: तेरा मिनिटं. त्यात दोनदा पाणी. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं घेतली. चहाची वाफ बसायच्या आत सात संपली होती, आणि पुडा जवळ होता म्हणून आठव्यालाही हात गेला. बुडवलेलं बिस्कीट चावावं लागतच नाही. ते तोंडात विरघळावं म्हणूनच तसं केलेलं असतं. मैद्यात कोंडा नाही. भाजताना पाणी उडालेलं, त्यामुळे मूठभर वजनात बऱ्याच कॅलरी मावतात. घरच्या तापमानाला अर्धवट गोठलेलं पामतेल खुसखुशीतपणा देतं, इमल्सिफायर तेल आणि पीठ एकजीव ठेवतात, नि वरून वास लावलेला. यातला एकेक घटक सुटा घेतला तर काही भयंकर नाही. मैद्याचा गोळा, वाटीभर पामतेल आणि साखर अशी शेजारी मांडून ठेवली तर कोणी हातही लावणार नाही. एकत्र बांधलं की हात थांबत नाही.

विसाच जणांचा, महिन्याभराचा प्रयोग, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. म्हणून दुसराही सांगते. लंडनमध्ये ५५ जणांवर केलेला, प्रत्येक आहार आठ आठवडे चाललेला अभ्यास २०२५ मध्ये आला. त्यात दोन्ही आहार सरकारी पोषण-मार्गदर्शनात बसणारे होते. वजन दोन्हींवर उतरलं, पण कमी प्रक्रियेच्या आहारावर साधारण दुप्पट. म्हणजे निवडून-सवरून घेतलेलं पॅकबंद खाणं जहर नव्हतं, फक्त मागे पडलं. मला हा निकाल पहिल्याइतकाच पटतो.

‘पापड-लोणचीही प्रक्रिया केलेलीच.’ हो, आहेतच. सांडगे, कुरडया, भाजणी, चक्का, सगळंच. प्रक्रिया वाईट असं कोणी शहाण्यानं म्हटलेलंच नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाच्या कार्लोस मोन्तेइरो यांनी २००९ पासून खाण्यावर किती प्रक्रिया झाली यावरून जी ‘नोव्हा’ वर्गवारी मांडली, तिच्यात चार गट आहेत, आणि तक्रार चौथ्याबद्दल आहे: ज्यात घरच्या स्वयंपाकघरात कधी न सापडणारे घटक पडतात. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च फोडून केलेली पूड), इन्व्हर्ट सिरप (साखर फोडून केलेला पाक), हायड्रोलाइज्ड प्रोटीन (फोडलेली प्रथिनं). पापडखार आणि हिंग आजीच्या डब्यात होते. माल्टोडेक्स्ट्रिनचा डबा कुणाच्या आजीकडे पाहिलाय का?

पापडात मीठ फार असतं हे मात्र कबूल. लोणच्यातही. रक्तदाबवाल्यांनी घरचं म्हणून सूट घेऊ नये. आणि नोव्हाचा चौथा कप्पा जरा ढोबळ आहे, त्यात अख्ख्या धान्याचा ब्रेड आणि कोल्ड्रिंक शेजारी-शेजारी बसतात. मोठ्या पाहणी-अभ्यासांत साखरेची पेयं आणि प्रक्रिया केलेलं मांस सातत्यानं वाईट ठरतात, तर अख्ख्या धान्याचा ब्रेड किंवा दही तसं ठरत नाही. तेव्हा पुडा दिसला की किंचाळायची गरज नाही.

‘परवाना आहे म्हणजे निर्धोक.’ वनस्पती तुपाचं घ्या. डालड्यात तळलेल्या करंज्या नि खारी खाऊन आमची पिढी वाढली. डबा पूर्ण कायदेशीर होता. त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीमुळे) हृदयविकार वाढतो हे विज्ञानाला १९९०च्या दशकातच कळलेलं. आपल्याकडे २०११ मध्ये मर्यादा आली ती १० टक्क्यांची. ती जानेवारी २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आली. मधल्या काळात खाल्लेल्या प्रत्येक खारीवर परवाना होताच की.

परवाना तपासतो ते वेगळंच. हा घटक या प्रमाणात विषारी आहे का, कारखाना स्वच्छ आहे का, हे. तुम्ही त्याचे सात खाल की सतरा, हा परवान्याचा विषयच नव्हे.

इथं काकांच्या बाजूनं एक बोलायला हवं. याच्या उलटा फॉरवर्डही फिरतो: ‘६३१ हा आकडा दिसला तर समजा डुकराची चरबी!’ तोही खोटा. पुड्यावर काही घटक असे क्रमांकानं लिहितात. ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट, चव खुलवणारं क्षार. ते मांस-मासळीतून काढता येतं, तसंच स्टार्च आंबवूनही करतात, आणि पुड्यावर हिरवा ठिपका असेल तर कायद्यानं आत दूध, मध असे अपवाद सोडून प्राणिज घटक चालत नाही. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. ३२२ म्हणजे लेसिथिन, सोयाबीनमध्ये असतं ते. आकड्यांना घाबरून उपयोग नाही. इमल्सिफायरांबद्दल खरी शंका आहे ती अशी: ४६६ आणि ४३३ क्रमांकाच्या दोन इमल्सिफायरांनी उंदरांच्या आतड्यातले जिवाणू बिघडले, किंचित दाह सुरू झाला आणि वजन वाढलं, असं २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. पुढे ४६६ माणसांना देऊन पाहिलं, तर काहींच्या आतड्यातले जिवाणू बदलले, पण तो अभ्यास १६ जणांचा होता. यावरून आइस्क्रीमवर बंदी मागणं घाईचं. ‘परवाना आहे, विषय संपला’ म्हणणंही तितकंच घाईचं.

‘मल्टिग्रेन, शुगर-फ्री बिनधास्त.’ माझ्या हातात आत्ता एक पुडा आहे. पुढच्या बाजूला गव्हाच्या लोंब्या आणि पळणारी बाई. मागची अक्षरं वाचायला मला मोबाइलचा कॅमेरा मोठा करावा लागला. नियम असा की घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, जो जास्त तो आधी. या पुड्याचा क्रम: मैदा, रिफाइंड पामतेल, मग गव्हाचं पीठ, मग साखर, आणि थोडं पुढे पुन्हा इन्व्हर्ट सिरप. ओट्स, नाचणी आणि बाकीची मंडळी शेवटच्या बाकावर. साखर दोन नावांनी आली की यादीत दोन्ही खाली सरकतात, एकत्र लिहिली असती तर वर चढली असती. पुढची बाजू जाहिरात आहे, मागची बाजू जबानी आहे.

शुगर-फ्री लिहायला १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर असून चालत नाही. पण माल्टोडेक्स्ट्रिन त्या ‘साखरे’त मोजलंच जात नाही, आणि रक्तातली साखर मात्र ते झरझर चढवतं. गोडी आणणाऱ्या पर्यायी रसायनांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ती वापरू नका, लांबच्या पल्ल्यात फायदा दिसत नाही. ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाची तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात व्याख्याच नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन दुकानांना त्या नावाखालून अशी पेयं काढायला सांगितली. ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावाही त्याच वर्षी जूनमध्ये पुसायला लावला.

‘बारीक माणसानं काळजी करू नये.’ फॉरवर्डातलं सगळ्यात घातक वाक्य हे. आणि त्याचं उत्तर पुण्यातच मिळालंय.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा भारतीय आतून जाडा असू शकतो, हे एका फोटोत आलं. याची मुळं आईच्या पोटातल्या पोषणापर्यंत जातात, बिस्किटांवर त्याचा आळ घेता येत नाही. पण असं शरीर घेऊन जन्मलेल्या माणसाकडे जादा साखर-तेल जिरवायला जागा कमी. आयसीएमआरच्या २०२३ च्या देशव्यापी पाहणीत लठ्ठ प्रौढ २८.६ टक्के निघाले, आणि पोट सुटलेले ३९.५ टक्के. वजनकाट्यावर ठीक असलेली बरीच माणसं पट्ट्याच्या भोकावर नापास आहेत. काका, तुम्हीही त्यातलेच. मागच्या दिवाळीचा सदरा आठवा.

‘चालायला जा.’ जा की. साखर, रक्तदाब, झोप, सगळ्याला बरं. पण हॉल यांच्या प्रयोगातल्या रोजच्या जादा ५०० कॅलरी जिरवायला ७० किलोच्या माणसाला दीड-दोन तास झपझप चालावं लागेल. रोज. बागेतल्या तीन फेऱ्या, नंतर कट्ट्यावर चहा आणि सोबत क्रीम रोल, यात ते बसत नाही.

फॉरवर्डच्या शेवटी एक ओळ होती, ‘हल्लीच्या बायकांना करायला नको, म्हणून पुडे लागतात.’ ती लिहिणाऱ्यानं सकाळी सहाची लोकल पकडून संध्याकाळी आठला परतून भाजणी भाजून दाखवावी. पाच रुपयांत, दुकानात, लगेच मिळतं म्हणून माणसं पुडा घेतात, आणि त्यात बाईचा आळस शोधणं ही चलाखी आहे. आमच्या घरी सोय झाली ती साधी. बिस्किटांचा डबा माळ्यावर गेला. ओट्यावर आता फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचे खडे आहेत, फळीवर केळी. कोणालाच काही करावं लागत नाही. मुलगा पहिले चार दिवस स्टूल लावून माळ्यापर्यंत गेला. पाचव्या दिवशी स्टूल कपडे वाळत घालायला गॅलरीत नेलं होतं, तर फुटाणे घेऊन गेला.