गिब्सन साहेब नक्की कुणाचा?

नारायणगावच्या कट्ट्यावर परवा डॉ. अलेक्झांडर गिब्सनवरून जुंपली. शेजारच्या हिवऱ्यात त्याची सरकारी बाग होती, एवढं आम्हाला ऐकून माहीत. नंदूने त्याला ‘पहिला पर्यावरणवादी’ म्हटलं आणि विन्या उखडला.

“कसला पर्यावरणवादी! ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. मुंबईच्या गोदीला सागवान हवं होतं, म्हणून जंगल राखलं.”

“नुसता साग हवा असता तर झऱ्यांबद्दल कशाला लिहिलं असतं? 1847 मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला तो. कोकणातले डोंगर बोडके केले की ओढे आटतात, खाड्या गाळाने भरतात, हे तेव्हा सांगत होता. देशाचं वनखातं निघालं 1864 मध्ये!”

“आणि खापर कुणावर फोडलं? कुमरीवाल्यावर. उतारावरची झाडी जाळून नाचणी पेरणारा तेवढा जंगलाचा वैरी. गोदीची कुऱ्हाड काय मऊ होती?”

बापू इतका वेळ गप्प होते. “अरे, मुळात तो डॉक्टर. देवी टोचायला दख्खन-खानदेशात हिंडला. मराठी, गुजराती येत होती त्याला. माणूस गावोगाव फिरला की झाडपाला कळतोच.”

हे मला महत्त्वाचं वाटतं. 1838 मध्ये पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्याच्याकडे आली, ती या फिरस्तीनंतर. पुढे हिवऱ्यात त्याने सोनामुखी, खुरासनी ओवा असली औषधी झाडं लावून सरकारी दवाखान्यांना अर्क पुरवले.

“म्हणजे पुन्हा कंपनीचीच बचत,” विन्या म्हणाला. यावर नंदूलाही हसू आलं.

सुधाताईंचा राग वेगळाच होता. “1847 ते 1850 मध्ये दापोडीच्या बागेत झाडांची सुरेख चित्रं काढून घेतली त्याने. आज ती एडिंबरोला आहेत. काढणारा पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. नाव कुणी टिपलंच नाही! साहेबाचं नाव मात्र हबेनारिया गिब्सनी म्हणून एका आमरीला, म्हणजे ऑर्किडला, चिकटलं. 1861 च्या ‘बॉम्बे फ्लोरा’ या वनस्पतींवरच्या पुस्तकावर डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर आहे ते वेगळंच.”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला विचाराल तर झाडं आणि पाणी यांचा संबंध त्याने बरोबर ओळखला. चुकला तो माणसांच्या हिशेबात. पण मी हे म्हणेपर्यंत विन्या पुढे गेला होता.

“1878 चा जंगल कायदा आला, रान सरकारचं झालं, लोक चोर ठरले. ते कुणामुळे?”

“1867 मध्येच वारला तो, बाबा. अकरा वर्षांनंतरचं पापही त्याच्याच माथी?”

“पायवाट कुणी पाडली मग?”

“डाल्झेलने! 1860 नंतर खातं त्याच्याकडेच होतं.”

“आधीची तेरा वर्षं कुणाकडे होतं, ते सांग की!”