खोक्यावरील १,००० आणि यंत्रावरील ७४०: आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

आमच्या जळगावच्या दुकानातून आपण घेतलेल्या एअर रायफलबद्दल एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. आपल्याला आणि आपल्या चिरंजीवांना झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. आपले म्हणणे थोडक्यात असे, की खोक्यावर सेकंदाला १,००० फूट वेग छापलेला असताना वेगमापक यंत्रावर तो ७४० च्या आसपासच भरला, पंचवीस मीटरवर छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरले, ₹१६,८०० घेऊन ‘चायनाचे खेळणे जर्मन बंदुकीच्या भावात’ आपल्या गळ्यात मारले गेले आणि म्हणून दुकानदार चोर आहे. यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर बोलता येईल. चौथा शब्द मात्र रावेर-यावलपासून चोपडा-पारोळ्यापर्यंतची गिऱ्हाइके वाचतात. केळीचा भाव पडला की ज्या दुकानात आठवडाभर शुकशुकाट असतो, त्या दुकानाला तो शब्द परवडत नाही. म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे, त्याबद्दल क्षमस्व.

वेगाचा तो आकडा आम्ही छापलेला नाही, तो कारखान्याने छापलेला आहे. स्वस्त स्प्रिंगच्या (म्हणजे दाबलेली स्प्रिंग सुटून पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा छर्रा फेकते, अशा) रायफली बनवणारे बहुतेक कारखाने वेग मोजताना शिशाचा नेहमीचा छर्रा न वापरता हलक्या मिश्रधातूचा, साधारण ०.३४ ग्रॅम वजनाचा छर्रा वापरतात, कारण छर्रा हलका असला की वेग जास्त भरतो आणि खोक्यावर मोठा आकडा शोभून दिसतो. मोटारसायकलच्या जाहिरातीतले मायलेज जसे रस्त्यावर मिळत नाही, तसेच हे आहे. आपण वापरलेला छर्रा शिशाचा, ०.५३ ग्रॅमचा होता. डब्यावरचे वजन आपल्याच छायाचित्रात वाचता येते. त्या वजनाला सेकंदाला ७४० फूट वेग म्हणजे सुमारे साडेतेरा जूल ऊर्जा होते, आणि या वर्गातल्या रायफलीसाठी ती अगदी रास्त आहे. कारखान्याचा आकडा तरीही थोडा फुगवलेला असतो, हे मी काउंटरवर प्रत्येकाला सांगतो आणि आपल्यालाही सांगितले होते. त्या वेळी आपले लक्ष बहुधा फोनवर होते.

आता समजा, आपल्या मागणीप्रमाणे ०.५३ ग्रॅमचा छर्रा खरोखरच १,००० फुटांनी सुटला असता, तर ऊर्जा साडेचोवीस जुलांच्या वर गेली असती. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० जुलांपर्यंतची एअर रायफल विनापरवाना ठेवता येते. त्यापुढे परवाना लागतो. म्हणजे जी रायफल मिळाली नाही म्हणून आपण मला चोर म्हणता, ती मी आधार कार्डाची प्रत घेऊन आपल्या हाती दिली असती, तर आपण दोघेही अडचणीत आलो असतो.

शिवाय वेग म्हणजे दर्जा, ही समजूतच मुळात चुकीची आहे. दहा मीटरच्या ऑलिंपिक स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या, लाखांच्या घरात किंमत असलेल्या जर्मन रायफलींचा छर्रा सेकंदाला साधारण ५७० फुटांनी जातो, म्हणजे आपल्या ‘खेळण्या’पेक्षा सावकाश. त्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो साधण्यासाठी वेगाचा उपयोग नसून प्रत्येक छर्रा आधीच्या छर्ऱ्यासारखाच सुटण्याचा उपयोग असतो. (२०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी पदक जिंकल्यापासून मुलांना घेऊन येणारे पालक वाढले आहेत, याचा आनंदच आहे, पण त्यांची स्पर्धा ५० मीटरची आणि रायफल काडतुसाची होती, हे प्रत्येक वेळी नव्याने समजावावे लागते.)

या कसोटीवर आपणच टाकलेले यंत्राचे छायाचित्र पाहावे. त्यात ओळीने पाच आकडे आहेत: ७३८, ७४४, ७४१, ७३५ आणि ७४६. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत केवळ अकरा फुटांचा फरक आहे. स्वस्त आयात रायफलीत हा फरक तीस-चाळीस फुटांवर गेलेला मी पाहिला आहे, आणि तसा माल मी वितरकाकडे परत धाडतो. ज्या छायाचित्राने माझी चोरी पकडली असे आपल्याला वाटते, ते मी उद्या काउंटरवर लावले तर माझा माल खपेल.

‘जर्मन बंदुकीच्या भावात’ या शब्दांबद्दल एवढेच, की जर्मन स्प्रिंग रायफलीला आपल्याकडे याच्या तिप्पट-चौपट रुपये मोजावे लागतात, आणि इंटरनेटवर दिसणाऱ्या किमतीत बसवून-तपासून देणे धरलेले नसते. एवढ्या स्वस्तात रायफल देताना कारखान्याने पैसा कुठे वाचवला, तेही सांगतो. ट्रिगर जड आणि लांब पल्ल्याचा असतो. स्प्रिंगला हवे तसे वंगण नसल्यामुळे बार सुटल्यावर दस्त्यात झणझण जाणवते. दस्त्याचे लाकूड बरे असले तरी पॉलिश हलके असते. माझ्या अनुभवात नळीवर मात्र सहसा काटकसर नसते, आणि नेम शेवटी नळीवरच ठरतो. म्हणून विकण्यापूर्वी मी नळी सांध्यातून खाली वाकवून तिची बिजागरी डावी-उजवीकडे हलवून पाहतो, नळीच्या तोंडावर कापूस फिरवतो म्हणजे कुठे खरवड असेल तर तंतू अडकतात, आणि सांध्याजवळ पातळ कागदाची पट्टी धरून बार काढतो. पट्टी फडफडली तर वॉशरमधून हवा गळते असे समजावे. आपल्या रायफलीच्या वेळी पट्टी हलली नव्हती, आणि ती आपल्या चिरंजीवांच्याच हातात होती. त्यांना विचारावे.

छर्रे विखुरण्याबद्दल सांगायचे, तर आपल्या दुसऱ्या छायाचित्रात रायफलीचा पुढचा भाग शेतातल्या पंपाच्या खोलीच्या लोखंडी जाळीवर टेकवलेला आहे. स्प्रिंगची रायफल छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पुढे-मागे हलते, आणि कठीण आधारावर ठेवल्यास दर वेळी वेगळी उडी घेते. ती उघड्या तळहातावर, न आवळता, नुसती टेकवून ठेवायची असते. त्याच चित्रात मागच्या केळीची पाने वाऱ्याने फाटून एका बाजूला वळलेली दिसतात. बाजूने तसा वारा असताना पंचवीस मीटरवर छर्रा दोन-अडीच सेंटीमीटर सहज सरकतो. दुर्बीण ‘दोन दिवसांत हलली’, ती आपण दुसरीकडून आणलेली आणि काडतुसाच्या बंदुकीसाठी बनलेली होती. स्प्रिंगचा उलटसुलट धक्का तशा दुर्बिणीला सोसत नाही. आणि धुराबद्दल: नव्या रायफलीतून पहिले काही बार धूर व मोठा आवाज येणे सामान्य आहे, कारण कारखान्यातले उरलेले तेल दाबाने पेटते. पण आपण स्वतःच लिहिले आहे, की ‘वेग वाढावा म्हणून’ नळीच्या मागच्या छिद्रात शिलाई मशीनचे तेल सोडले. त्याने दोन-चार बार वेग वाढतो आणि नंतर पिस्टनचे वॉशर जळते. हे मी आपल्याला सुचवलेले नव्हते.

रानडुकरे घाबरत नाहीत ही तक्रार मी समजू शकतो, केळीचे किती नुकसान होते ते ठाऊक आहे. परंतु ही रायफल कागदावर आणि पत्र्याच्या निशाण्यावर सराव करण्यासाठी आहे. परवानगीशिवाय वन्यप्राण्यांवर छर्रे झाडणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा ठरू शकते, आणि बिलावर तसा शिक्काही मारलेला आहे.

तरीही आपण नाराज झालात हे खरे आहे. यापुढे कारखान्याचा आकडा कोणत्या वजनाच्या छर्ऱ्यावर मोजलेला असतो, याची पाटी दुकानात लावण्याचा विचार आहे, आणि सोय झाल्यास वेगमापकही ठेवू. आपली रायफल आणल्यास वॉशर आणि दस्त्याचे स्क्रू मी विनामूल्य तपासून देईन. वॉशर तेलाने जळलेले निघाले तर फक्त सुट्या भागाची किंमत घेईन. येताना बिल, आपण वापरता तो छर्ऱ्यांचा डबा आणि ती दुर्बीण बरोबर आणावी, आणि कृपया दुपारी चारनंतर यावे, कारण त्याआधी माझा मुलगा दुकानात असतो आणि त्याने आपला अभिप्राय वाचला आहे. तारा एकच ठेवायचा की वाढवायचा, हा आपला अधिकार आहे. ‘चोर’ हा शब्द मात्र आपण काढावा, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
दुकानाचे मालक, जळगाव