तरोट्यावर फवारा मारला आज

सकाळपासून डोकं फिरलंय. धुळ्यातल्या देवपूरला आमच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर पहिल्या पावसानंतर तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, उगवला होता. लुसलुशीत, बोटभर उंचीचा. आजच खुडणार होते. पिशवी घेऊन बाहेर पडले तर पाठीवर पंप अडकवलेला माणूस तणनाशक मारून निघालेला. कॉलनीने वर्गणी काढून बोलावला होता म्हणे. "ताई, गचपण साफ केलं, साप निघतात." दुपारपर्यंत पानांनी माना टाकल्या.

गचपण!

72 च्या दुष्काळात साक्री तालुक्यातल्या आमच्या घरात सहा लेकरं होती. रेशनला लाल मिलो ज्वारी. मोठी माय, म्हणजे माझी आजी, दुष्काळी कामावर खडी फोडायची. पुढच्या वर्षी मृगाचा पाऊस पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण पाऊस आला म्हणून लगेच दाणा घरात येत नाही ना. बाजरी-ज्वारी हाती लागायला दसरा-दिवाळी उजाडते. ते मधले तीन महिने आमचं घर कशावर जगलं? बांधावरच्या तरोट्यावर, कुर्डूवर, केन्यावर, घोळीवर. मोठी माय पानं उकळून, पिळून, लसूण-मिरचीवर परतायची आणि त्यात मूठभर पीठ लावायची. माझे वडील, आप्पा, तेव्हा आठ वर्षांचे होते. आजही ताटात तरोटा आला की आधी हात जोडतात.

ना पेरणी, ना खत, ना पाण्याची पाळी. कोठी रिकामी असते नेमकी तेव्हाच ही भाजी उगवते. शाश्वत शेतीवर भाषणं ऐकतो आपण, आणि जी गोष्ट आपोआप चालू आहे तिच्यावर पैसे देऊन फवारा मारतो.

मजूर मिळत नाहीत, निंदणी परवडत नाही, हे खरं आहे. माझा सख्खा भाऊ कपाशी लावतो, त्याचंही हेच रडगाणं. बरं, शेतात मार बाबा. पण बांधावर कशाला? आमच्या ज्या बांधावर मोठी माय ओचा भरून घ्यायची, तिथे आता पावसाळ्यातही पिवळं गवत असतं.

मी चार वर्षं सातपुड्यातल्या धडगावला नोकरीला होते. तिथे जंगल म्हणजेच कोठार. चैत्रात पावरा आदिवासी बाया अंधारातच टोपल्या घेऊन मोहाखाली जायच्या, फुलं पहाटे गळतात म्हणून. ती वाळवून वर्षभर पुरवायच्या. मग चारोळी, मग आमचुरासाठी दारोदार वाळत घातलेल्या आंब्याच्या फोडी. पाऊस लागला की बांबूचे कोंब, कर्टुली. माझी घरमालकीण कर्टुल्याचा वेल बोटाने जपून बाजूला करायची, कंदाला धक्का नको म्हणून. त्याच कंदातून दर पावसाळ्यात वेल फुटतो, कंद उपटला की संपलं. शिवाय नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा, हे मला बीएस्सी होऊन माहीत नव्हतं, तिला होतं. कुठला कंद किती वेळा उकळून वाहत्या पाण्यात ठेवायचा, हेही तिलाच माहीत. रानातलं सगळंच खाण्याजोगं नसतं, मान्य. म्हणून तर ती माणसं रानात राहायला हवीत.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे मोह-चारोळी-बांबूसारख्या रानातल्या उत्पन्नावर, त्यांची मालकी मान्य केली आहे. उपकार नाहीत ते, हक्क आहे. आणि आपण बाजारात तिच्याच कर्टुल्याच्या वाट्यासाठी दहा रुपयांची घासाघीस करतो. लाज वाटते मला.

ऑगस्टमध्ये, 9 तारखेच्या आदिवासी दिनाच्या सुमारास, रानभाजी महोत्सव लागतील. मी दरवर्षी जाते, यंदाही जाईन, तुम्हीही या. चांगलंच आहे ते. पण एक दिवस चव घेऊन बांधावर उरलेले तीनशे चौसष्ट दिवस विष मारणार असू तर पुढच्या वर्षी त्या स्टॉलवर ठेवणार काय?

लहानपणी मी मोठ्या मायसोबत खुडायला जायचे. सगळं ओरबाडायला लागले की ती हात धरायची, "बठ्ठं नको खुडू वं, बी पडाले राहू दे." आणि दिवस कलला की तरोटा पानं मिटून घेतो, तेव्हा म्हणायची, "जपी गया तो, आते नको हात लावू." झोपला तो, आता हात नको लावू.

पंपवाल्या दादांवर सकाळी मी फार ओरडले. त्यांचा काय दोष, त्यांना चारशे रुपये रोज मिळाला. उद्या त्यांची माफी मागेन, आणि वर्गणी काढणाऱ्यांशी मात्र बोलणार आहे.

आत्ता टॉर्च घेऊन प्लॉटवर जाऊन आले. विटांच्या ढिगाच्या आडोशाला पाच-सहा रोपं वाचली आहेत. पानं मिटून उभी होती.