सात दिवसांत नख साफ? ते वाढायलाच वर्ष लागतं

पाऊस लागला की गोव्यातल्या घराघरांतल्या ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: नख पिवळं आणि जाड झालं म्हणजे बुरशीच. माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये पाय बुडवा, वर फेणीचा बोळा ठेवा, सात दिवसांत नख स्वच्छ. गोळ्या घेऊ नका, लिव्हर जातं. पाय कोरडे ठेवा.

‘बुरशीच’ यातला ‘च’ आधी काढायला हवा. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकीच्यांना सोरायसिस असतो (त्यात नखावर टाचणीने टोचल्यासारखे खळगे दिसतात), घट्ट बुटांचा मार असतो किंवा नुसतं वय झालेलं असतं. हिरवट नख बहुधा जिवाणूंमुळे होतं. मासळी साफ करणाऱ्या किंवा हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईच्या नखाची कड सुजते, तिथे मूळ दुखणं सततच्या ओल्या हातांचं. हात ओले राहणं थांबल्याशिवाय कुठलंच मलम पुरत नाही. आणि एकाच नखात काळी उभी रेघ उमटली, रुंद होत चालली, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. तो कर्करोगही असू शकतो.

बुरशी बहुतेक वेळा नखाच्या टोकाकडून किंवा बाजूने शिरते. नख पिवळट-पांढरं होतं, खाली भुसा साठतो, नख उचललं जातं. सोबत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील तर संशय बळावतो. तरीही नुसत्या नजरेवर महिनोन्‌महिने औषध घेऊ नये. नखाखालचा भुसा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, गरज पडल्यास कल्चर करतात, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघतात. त्याला काही आठवडे लागतात. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) त्वचाविभाग आहे, तिथे दाखवता येतं. एकदा काही सापडलं नाही म्हणजे बुरशी नाहीच, असंही नव्हे; नमुना पुन्हा घ्यावा लागतो.

आता ते सात दिवस. समजा, आज रात्री नखातली सगळी बुरशी मेली. तरी उद्या नख तसंच पिवळं दिसणार, कारण खराब झालेलं नख सुधारत नाही, ते पुढे सरकून कापलं जातं. पायाचं नख महिन्याला एक-दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नवं यायला १२ ते १८ महिने, हाताचं सहाएक महिने. म्हणून गुण येतोय का हे टोकाशी नव्हे, मुळाशी बघायचं: तिथून स्वच्छ नख येतंय का? व्हिनेगरचं आम्ल बुरशीला आवडत नाही हे खरं, पण ती जाड नखाच्या खाली बसलेली असते. फेणीने भेगांत नुसती आग होते. मधुमेह्यांनी तर असले प्रयोग करूच नयेत, बधिर पायाला भाजल्याचंही कळत नाही.

गोळ्यांची भीती अगदी निराधार नाही, पण फुगवलेली आहे. नखाच्या बुरशीवरची नेहमीची गोळी म्हणजे टर्बिनाफिन: २५० मिलिग्रॅम रोज, हाताच्या नखांना सहा आठवडे, पायाच्या नखांना १२. यकृताला इजा क्वचित होते, म्हणून आधी रक्त तपासतात आणि यकृताचा आजार असणाऱ्यांना ही गोळी देत नाहीत. भूक मेली, लघवी गडद झाली की गोळी थांबवून डॉक्टरांकडे जायचं. दुसरं औषध इट्राकोनॅझोल, ते हृदय कमकुवत असणाऱ्यांना चालत नाही. नखाचं थोडंसंच टोक बिघडलं असेल तर अमोरोल्फिनचा ५ टक्क्यांचा लेप आठवड्याला एकदा, नख घासून, कित्येक महिने. इतकं करूनही सगळे बरे होत नाहीत आणि काहींना पुन्हा होतं. फार्मसीतून न विचारता आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित ट्यूबने मात्र खाज दबते आणि बुरशी पसरते.

संदेशातली ‘पाय कोरडे ठेवा’ ही शेवटची ओळ तेवढी बरोबर आहे. बेचक्या पुसा, ओले बूट लगेच दुसऱ्या दिवशी घालू नका, नेलकटर वेगळा ठेवा, आणि घरात कुणाला चिखल्या असतील तर त्यांनाही औषध लावा.