एकरी दहा गिनी फाउल सोडले की कपाशीवरची फवारणी सुटते? मेसेजमधल्या दाव्यांना उत्तर

“एकरी दहा गिनी फाउल सोडा आणि फवारणी विसरा. गुलाबी बोंडअळी, मावा, तुडतुडे, पांढरी माशी, हुमणी, गोचीड सगळं फस्त. पिकाला धक्का नाही, खाद्याचा खर्च नाही, आजार नाही, लस नाही. साप आवारात फिरकत नाही. अंडी गावरान कोंबडीखाली २१ दिवस ठेवा आणि पिल्लं लगेच वावरात सोडा.” मृग तोंडावर आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शेतकरी गटांमध्ये अशा मजकुराचा मेसेज फिरू लागतो. गिनी फाउल, म्हणजे काही ठिकाणी जिला चिनी कोंबडी म्हणतात ती ठिपक्यांची कोंबडी, पाळण्याजोगा पक्षी आहे आणि किडे खातो हेही खरं. पण या मेसेजवर विसंबून कोणी कपाशीच्या कैऱ्या, म्हणजे हिरवी बोंडं, तपासणं थांबवलं, तर त्या हंगामाचा कापूस हातचा जातो. म्हणून एकेक दावा बघू.

“गुलाबी बोंडअळी फस्त”

सगळ्यात घातक दावा हाच आहे. या अळीचा पतंग रात्री उडतो आणि अंडी पात्या (फुलांच्या कळ्या), फुलं, कोवळ्या कैऱ्या यांवर घालतो. अळी बाहेर आली की थोड्याच वेळात फुलात किंवा कैरीत शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. फुलात शिरली तर पाकळ्या आतून शिवल्यासारख्या चिकटतात आणि फूल उमलत नाही. हीच डोमकळी. कैरीत शिरली तर बाहेरून कैरी हिरवीगार, धडधाकट दिसते. बोटांनी फोडली तरच आत सरकी पोखरणारी गुलाबी अळी सापडते.

आता गिनी फाउलचा दिवस बघा. उजाडलं की उतरायचं, दिवेलागणीला उंच जागी चढून बसायचं. म्हणजे पतंग उडतो तेव्हा ही झोपलेली आणि ही चरते तेव्हा अळी कैरीच्या आत. सप्टेंबरात कपाशी छातीला लागते आणि पक्षी तिच्या बुडाशी फिरत असतो. कोष करायला जमिनीवर उतरलेली एखादी अळी त्याच्या चोचीला लागेल. तेवढ्याने प्रादुर्भाव थांबत नाही.

२०१७च्या हंगामात याच अळीने महाराष्ट्रात कपाशीची काय अवस्था केली ते खानदेशाला नव्याने सांगायला नको. तिच्यावर चालणारे उपाय ठरलेले आहेत. लागवडीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. शिवाय दर आठवड्याला वावरात तिरपं चालत जाऊन २० झाडांवरची प्रत्येकी एक हिरवी कैरी तोडून फोडा. दोन कैऱ्यांत अळी निघाली म्हणजे १० टक्के, तेव्हाही फवारणी लांबवायची नाही. डिसेंबरपुढे फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवरचं वाढीव पीक, ठेवू नका. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या चारून घ्या, त्या उरलेल्या कैऱ्या खातात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, सरपण म्हणून बांधावर रचून पावसाळ्यापर्यंत ठेवली तर तिच्यातल्या वाळक्या कैऱ्यांत अळी पुढच्या लागवडीची वाट बघत बसते. पऱ्हाटीचा भुगा करून जमिनीत मिसळा.

“मावा, तुडतुडे, पांढरी माशी”

नाही. या किडी पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि अगदी बारीक. गिनी फाउल त्यांच्या मागे लागत नाही. केळीवर कुकुंबर मोझॅक पसरवणारा मावाही तिच्या आवाक्याबाहेरचा. रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी या आशेवर पक्षी आणू नयेत. रोगट झाड उपटून नष्ट करणं आणि बागेतली काकडीवर्गीय पिकं व तण काढणं, हाच तिथला इलाज.

“हुमणी आणि गोचीड”

इथे मेसेज अर्धा खरा आहे. हुमणीची अळी जमिनीखाली मुळांशी असते आणि गिनी फाउल कोंबडीसारखी खोल उकरत नाही. मात्र नांगर किंवा वखर चालू असताना पक्षी मागे असतील तर उघड्या पडलेल्या अळ्या, वाळवी, कोष ते टिपतात. वळवाच्या पहिल्या पावसानंतर लिंबावर, बाभळीवर येणारे हुमणीचे भुंगेरे मात्र अंधार पडताना निघतात. ते गोळा करायला रात्री फांद्या हलवणं किंवा प्रकाश सापळा हेच लागतं.

गोचिडीचं गणित असं. गुरांवरची नेहमीची गोचीड तिन्ही अवस्थांत त्याच जनावराच्या अंगावर राहते. रक्त पिऊन फुगलेली मादी तेवढी खाली पडते आणि गोठ्याच्या फटीत हजारांवर अंडी घालते. ती फुगलेली मादी, करड्या वाटाण्याएवढी, गिनी फाउल आवडीने उचलते. म्हणून गोठ्याभोवती चार-सहा पक्षी असले तर उपयोग होतो. अंड्यांतून निघणारी बारीक पिल्लं तिला दिसत नाहीत. १९९२ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका अभ्यासात गिनी फाउल चरलेल्या हिरवळीवर गोचिडी कमी आढळल्या. त्या मोठ्या, पूर्ण वाढलेल्या गोचिडी होत्या. गोठ्याच्या फटी बुजवणं आणि जनावरावर पशुवैद्यकाने सांगितलेलं औषध वापरणं सुटत नाही.

गिनी फाउल खरोखर कमी करते ते नाकतोडे, वाळवी, मुंग्या, जमिनीवर फिरणारे भुंगेरे, कुरतडणाऱ्या अळ्या आणि लहान गोगलगायी. भाजीपाल्याच्या बांधावर, फळबागेत, मोकळ्या वावरात हे काम मोलाचं आहे आणि त्यासाठी पक्षी जरूर ठेवावेत.

“एकरी दहा” या आकड्याला मात्र अर्थ नाही. पक्षी थव्याने फिरतात, जिथे किडे असतील तिथे जातात. बांध त्यांना कळत नाही, शेजाऱ्याचा दादरही (रब्बी ज्वारी) कळत नाही.

“पिकाला धक्का नाही”

कोंबडीपेक्षा उकरतात कमी, हे खरं. तरी पेरलेलं बी आणि नुकतं वर आलेलं रोप त्यांना फार आवडतं. पेरणीपासून रोप चार-पाच पानांवर येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, पक्षी कोंडून ठेवा. कांद्याचं रोप टाकलेल्या वाफ्यात पक्षी धुळीत अंघोळ करायला खड्डे करतात, तेव्हा वाफ्यावर जाळी हवीच. पिकलेला टोमॅटो टोचतात, आणि ज्वारीचं कणीस आडवं पडलं की त्यावर तुटून पडतात.

“अंडी २१ दिवस, पिल्लं लगेच वावरात”

या एका ओळीमुळे जेवढी पिल्लं मरतात तेवढी बहुधा दुसऱ्या कशाने मरत नसतील. २१ दिवस कोंबडीच्या अंड्याला लागतात. गिनी फाउलच्या अंड्याला २६ ते २८. एकविसाव्या दिवशी “अंडी खराब निघाली” म्हणून फेकणारे जिवंत पिल्लं फेकत असतात. गावरान कोंबडीखाली १२ ते १५ अंडी ठेवा आणि त्यांत कोंबडीची अंडी मिसळू नका. मिसळली तर कोंबडीची पिल्लं आधी निघतात, आई ती घेऊन उठते आणि गिनीची अंडी गार पडतात. दोन्ही एकत्र काढायचीच असतील तर कोंबडीची अंडी सहा दिवस उशिरा ठेवा.

आपल्याकडे मादी साधारण मार्च ते सप्टेंबर अंडी देते, वर्षाला शंभराच्या आसपास. पाच माद्यांमागे एक नर पुरतो. ओळख आवाजावरून: दोन तुकड्यांत ओरडते ती मादी, नर एकाच तुकड्यात ओरडतो. मादी कधीकधी नरासारखी ओरडते, पण नर दोन तुकड्यांत कधीच ओरडत नाही. म्हणून दोन तुकडे ऐकू येईपर्यंत निकाल देऊ नका.

मशीनमध्ये अंडी घालायची तर खानदेशातला एप्रिल-मे सांभाळा. अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करा आणि थंड जागी, टोक खाली करून, सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. बाहेर ४३ अंश असताना पत्र्याच्या खोलीतली इन्क्युबेटरची पेटी स्वतःहून तापते. तिच्यात हीटर असतो, थंड करणारं काही नसतं. पेटी धाब्याच्या घरातल्या आतल्या खोलीत ठेवा. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश, आणि बिनपंख्याच्या थर्माकोलच्या पेटीत अंड्याच्या वरच्या टोकापाशी ३८.५ अंश. वीज गेली तर झाकण उघडू नका, गोधडी पांघरा. पिल्लू थोडा वेळ गारवा सोसतं, ४० अंशांवरची धग सोसत नाही.

ओलावा पहिले २५ दिवस ५५ ते ६० टक्के, नंतर ६५ ते ७०. अंड्याचं कवच जाड आणि ठिपकेदार असल्याने टॉर्च लावून आतलं नीट दिसत नाही. वजनाचा काटा जास्त भरवशाचा. ३० अंडी एकत्र तोला. सुरुवातीला १,२०० ग्रॅम भरली तर पंचविसाव्या दिवशी १,०५० च्या आसपास यायला हवीत. जास्त भरली तर ओलावा जास्त झाला, पिल्लू कवचातच बुडून मरेल, म्हणून वाटीतलं पाणी कमी करा. हजाराच्या खाली गेली तर पाणी वाढवा, नाहीतर आतली पातळ त्वचा वाळून पिल्लाला चिकटते. हे वजन पाच-पाच दिवसांनी बघितलं तरच दुरुस्तीला वेळ मिळतो. अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवायची आणि पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद. पुढे पेटी उघडायची नाही.

पिल्लू जन्मतः २५ ग्रॅमच्या आसपास असतं. दवात, ओल्या गवतात सोडलं की भिजून गारठतं आणि तासाभरात मान टाकतं. गिनी फाउलची स्वतःची आई पिल्लांना असंच ओल्या गवतातून ओढत नेते, म्हणून तिच्यापेक्षा कोंबडी बरी. पहिला आठवडा ३५ अंश ऊब द्या, नंतर दर आठवड्याला तीन अंश कमी करा. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर ऊब कमी आहे, कडेला पळून चोच उघडत असतील तर जास्त. मे महिन्यात दिवसा बल्ब लागणारच नाही, आषाढातल्या पावसात दिवसाही लागेल. कोपरे पुठ्ठ्याने गोल करा, कारण घाबरली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली वर्तमानपत्र नको, गोणपाट हवं. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि मग सरळ होत नाहीत. पाण्याच्या भांड्यात गोटे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात.

खाद्य पहिले चार आठवडे २४ टक्के प्रथिनांचं. ते मिळत नसेल तर ब्रॉयलर प्री-स्टार्टर चालतं, त्यात प्रथिनं थोडी कमी असतात. अंडी देणाऱ्या कोंबडीचं (लेयर) खाद्य नको. त्यात चुना जास्त, प्रथिनं कमी.

सहा ते आठ आठवडे खुराड्यात ठेवून मग सोडा, तेही आधी दोन-तीनच. बाकीची आत ओरडत असली की सोडलेली परत येतात. संध्याकाळी मूठभर बाजरी किंवा ज्वारी आतच टाका आणि दार लावताना आत दिवा राहू द्या. अंधाऱ्या खुराड्यात हा पक्षी शिरत नाही, लिंबावर जाऊन बसतो आणि रात्री रानमांजराच्या तोंडी लागतो. अंडी घालणाऱ्या माद्या दुपारपर्यंत कोंडल्या तर अंडी खुराड्यात मिळतात, पण सकाळची चराई जाते. पिल्लं हवी की किडे, हे त्या त्या महिन्याचं ठरवा.

“आजार नाही, लस नाही, खर्च नाही”

कोंबडीपेक्षा काटक आहे. बुरशीच्या विषाला जास्त तोंड देते. पण मानमोडी (राणीखेत) तिलाही होते, रक्ती हगवण होते, जंत होतात. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात, पुढचे डोस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. आणि नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर विसरू नका. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये तिथेच झाला आणि २०२१ मध्ये तिथे पुन्हा पक्षी मारावे लागले. गिनी फाउल याच रोगाला बळी पडणाऱ्या कुळातली. दोन-तीन पक्षी एकदम मेले तर ते नदीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

खाद्याचं म्हणाल तर कोंडलेला मोठा पक्षी दिवसाला ९० ते १०० ग्रॅम खातो. पावसाळ्यात चरून बरंच भागतं, चैत्र-वैशाखात उजाड वावरात काही मिळत नाही.

“साप फिरकत नाही”

साप दिसला की थवा गोल करून कलकलाट करतो, लहान सापाला टोचतोही. ही सूचना कामाची आहे. पण नाग, घोणस आवारात येणारच नाहीत याची हमी कोणीही देऊ नये. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप, आणि अंडी तर सापाला आयती. खाद्य बंद डब्यात, खुराड्याची जाळी अर्ध्या इंचाची, आणि रात्री हातात बॅटरी असल्याशिवाय खुराड्याकडे जायचं नाही.

“फवारणी विसरा”

बहुतेक ठिकाणी फवारणी थांबत नाही आणि पक्षीही सोडले जातात. मेसेज याबद्दल काही सांगत नाही. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारल्यावर ते नाकतोडे खाणारे हजारो ससाणे मेलेले सापडले. मेलेला किडा म्हणजे पक्ष्याच्या पोटात विष. फवारणीच्या आदल्या संध्याकाळीच पक्षी कोंडा, आणि त्या वावरात निदान आठवडाभर सोडू नका. दाणेदार कीटकनाशक पक्षी खडा समजून गिळतात. ते मातीआड झालंच पाहिजे. औषध लावलेल्या रंगीत सरकीचे टोबलेले दाणे सरीत उघडे राहिले असतील तर हाताने मातीखाली दाबा, पाकिटात उरलेलं बी घरच्या धान्याजवळ ठेवू नका, आणि रिकामं पाकीट खुराड्यापासून लांब, खड्ड्यात पुरा.